ग्राहकांची उतरंड कशावर बांधावी? बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रिटेल सॉफ्टवेअर बसवताना सगळ्यांचं लक्ष बिलिंग, बारकोड आणि स्टॉककडे असतं. ग्राहक मास्टर म्हणजे नाव आणि फोन नंबर भरला की झालं, असा समज. पण सेटअपमध्ये ‘ग्राहकांसाठी हायरार्की निवडा’ (हायरार्की म्हणजे उतरंड, कोणतं खातं कोणाच्या खाली येतं ते) असा एक टप्पा येतो आणि तिथे जे निवडाल ते पुढे उधारी, सवलत, वसुली, रिपोर्ट सगळीकडे पाठलाग करतं. आम्ही वापरतो त्या पॅकेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत. हंगामी सेल आणि वर्षअखेर दोन्ही त्यातून निघाल्यावर आता लिहायला हरकत नाही.

काउंटरवर पैसे देऊन जाणाऱ्या ग्राहकाला उतरंड लागतच नाही. प्रश्न येतो तो संस्थांचा. माल शाखा उचलते, ऑर्डर तिसराच कोणीतरी देतो आणि बिल मुख्य कार्यालय भरतं. पॅकेजमध्ये तीन साचे तयार होते: प्रदेशानुसार, ग्राहकाच्या प्रकारानुसार आणि मालकीनुसार. विक्रीवाल्यांना प्रदेश हवा होता, मार्केटिंगला प्रकार. आम्ही मालकीचा साचा घेतला, पण त्यात वर कोणाला बसवायचं हे ‘मालक कोण’ यावर न ठरवता ‘पैसे कोण भरतं’ यावर ठरवलं. इतक्या महिन्यांनंतरही माझं मत तेच आहे. ग्राहकाचा प्रदेश बदलला तर रिपोर्टमधली एक ओळ इकडची तिकडे होते. पैसे भरणारा बदलला की क्रेडिट लिमिट (उधारीची मर्यादा), बाकी, दरपत्रक, पेमेंटची मुदत सगळंच हलतं. ज्याने व्यवहार हलतो ते झाडात, म्हणजे या उतरंडीत असावं, बाकीचं टॅगमध्ये, म्हणजे खात्याला नुसत्या चिकटवलेल्या खुणेत. प्रदेश आणि प्रकार आम्ही टॅगमध्येच टाकले.

याचा फायदा काउंटरवर दिसतो. शाखेचं नाव निवडलं की उजवीकडे दोन आकडे येतात, शाखेची बाकी आणि गटाची बाकी. समजा गटाचं लिमिट 5 लाख आहे, सगळ्या शाखांची मिळून बाकी 4 लाख 80 हजार, त्यात या शाखेची फक्त 12 हजार. शाखेने 30 हजारांचा माल मागितला. एकट्या शाखेकडे पाहिलं तर बिल बिनदिक्कत निघालं असतं. इथे ते अडकतं, कारण गट 5 लाख 10 हजारांवर जातो. वसुलीवाल्यांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

चिडचीड होते ती संदेशाने. स्क्रीनवर एवढंच येतं, ‘मर्यादा ओलांडली’. कोणाची, कितीने, काही नाही. समोरचा माणूस म्हणतो, आमची तर बाकीच नाही, आणि कॅशिअर बिचारा मागच्या स्क्रीनवर जाऊन गटाचा उतारा उघडतो. एवढी बुद्धी लावून झाड बांधायचं आणि संदेश मात्र एका ओळीचा!

दुसरी गोष्ट तारखांची. प्रत्येक जोडणीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा देता येतात. एखादी शाखा दुसऱ्या गटाकडे गेली की जुनी जोडणी महिनाअखेरीला बंद करायची, नवी 1 तारखेपासून सुरू. उतारे अगदी स्वच्छ येतात. पण जुन्या बिलाचा माल परत आला की क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम जमा दाखवणारी नोंद) आजच्या पॅरेंट, म्हणजे उतरंडीत शाखेच्या वरच्या खात्यावर पडते. म्हणजे पैसे भरले एकाने आणि जमा झाले दुसऱ्याच्या नावावर! ती मूळ बिलाच्या तारखेला जो पॅरेंट होता त्याच्याकडे जायला हवी. आम्ही अजून हाताने फिरवतो.

निवड करताना इतर पॅकेजंही पाहिली होती. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘कस्टमर ग्रुप’ आणि ‘टेरिटरी’ ही दोन वेगळी झाडं आहेत, त्यामुळे प्रदेश की प्रकार हा वादच उरत नाही. तिथे क्रेडिट लिमिट आधी ग्राहकाच्या खात्यावर बघितलं जातं, तिथे नसेल तर ग्रुपवर, मग कंपनीवर. पण ग्रुपवर लिहिलेलं लिमिट त्यातल्या प्रत्येक ग्राहकाला वेगळं लागतं, सगळ्यांची बाकी एकत्र करून नाही. हा फरक डेमोमध्ये मुद्दाम विचारून घ्यावा. डायनॅमिक्स 365 कॉमर्समधल्या ऑर्गनायझेशन हायरार्कीला ‘उद्देश’ जोडावा लागतो: असॉर्टमेंट (कुठे कोणता माल ठेवायचा), रिप्लेनिशमेंट (संपलेला माल पुन्हा भरणं), रिपोर्टिंग. ही उतरंड दुकानांची, ग्राहकांची नव्हे. ग्राहक दुकानाशी जोडले जातात अ‍ॅड्रेस बुकमधून आणि पैसे कोण भरणार ते ‘इन्व्हॉइस अकाउंट’ या रकान्यात लिहितात. नावं सारखी वाटतात म्हणून मीटिंगमध्ये हमखास गोंधळ होतो. एसएपीमधल्या ग्राहक-हायरार्कीत जोडणीला वैधतेच्या तारखा असतात आणि तिचा उपयोग मुख्यतः दर आणि रिबेटसाठी (खरेदीवर नंतर मिळणारी सूट).

पातळ्या किती? आमच्या पॅकेजमध्ये पाच चालतात, आम्ही तीनवर थांबलो: गट, बिल भरणारं कार्यालय, शाखा. चौथी पातळी कोणीतरी दर महिन्याला मागतं, बहुतेक वेळा एका रिपोर्टसाठी. रिपोर्टसाठी पातळी वाढवू नये. गटाच्या नावावर थेट बिल काढता येत नाही, हे बंधन सुरुवातीला जाचलं. आता ते आहे म्हणून बरं वाटतं, नाहीतर घाईत निम्मी बिलं गटावरच पडली असती. लॉयल्टी पॉइंट मात्र व्यक्तीच्या खात्यावरच ठेवलेत, ते झाडात आणू नका.

टॅगची दुखरी बाजूही सांगतो. टॅगला तारीख नसते. आज एखाद्या ग्राहकाचा प्रदेश बदलला की मागच्या वर्षाच्या प्रदेशनिहाय विक्रीचे आकडेही बदलतात. वर्षअखेरीला छापलेला रिपोर्ट आणि नंतर काढलेला रिपोर्ट जुळला नाही, तेव्हा बराच वेळ यातच गेला. आता महिना बंद झाला की प्रदेशनिहाय आकडे एक्सेलमध्ये काढून ठेवतो. प्रदेशावर विक्रेत्यांचं कमिशन अवलंबून असेल तर माझा सल्ला तुम्हाला लागू नाही; तिथे प्रदेशाचं तारखा असलेलं वेगळं झाड देणारंच पॅकेज घ्या.

सगळे ग्राहक रोखीचे असतील तर ‘हायरार्की नाही’ निवडून पुढे जा, उगाच झाड वाढवू नका. उधारी मात्र सुरू होणार असेल तर पहिलं उधारीचं बिल निघायच्या आत जोडण्या करून घ्या. आमच्या पॅकेजमध्ये उतरंड नंतरही जोडता येते, पण आधी निघालेली बिलं तिच्यात मोजली जात नाहीत आणि गटाची बाकी तेवढी कमी दिसत राहते.