बाउंड्री वॉटर्समधील कनू-सफर आणि आउटफिटरची सेवा: चार दिवसांच्या अनुभवानंतर

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, सुपीरियर राष्ट्रीय वनाच्या आत बाउंड्री वॉटर्स हे दहा लाख एकरांहून मोठे संरक्षित अरण्य आहे. त्यात हजाराहून अधिक तळी आहेत आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे तर कनू नावाची निमुळती होडी वल्हवत जावे लागते. मध्ये जिथे जमीन आडवी येते तिथे होडी आणि सामान खांद्यावर घेऊन चालावे लागते. या चालण्याच्या पट्ट्यांना पोर्टेज म्हणतात आणि त्यांपैकी अनेक वाटा या भागातल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे पती, धाकटे दीर आणि जाऊ असे चौघे तिथे तीन रात्री राहून आलो. आमच्यापैकी कोणीही याआधी कनूतून मुक्कामी सफर केलेली नव्हती, म्हणून ईली गावातील एका आउटफिटरकडून, म्हणजे सफरीचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानाकडून, आम्ही होडीपासून शिध्यापर्यंत सर्व काही घेतले. या सेवेतले काय घेण्याजोगे आहे आणि काय घरून न्यावे, हे अशा सफरीचा बेत करणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

परवान्याचे काम मात्र आउटफिटरवर सोपवून निश्चिंत राहता येत नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थानावरून दररोज ठरावीक गटांनाच मुक्कामी परवाना मिळतो आणि त्याचे आरक्षण जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. आम्ही प्रौढ माणशी १६ डॉलर आणि आरक्षणाचे ६ डॉलर भरून लेक वन हे प्रवेशस्थान घेतले. परवान्यावर प्रवेशाची जागा आणि तारीख पक्की असते; आत गेल्यावर मुक्काम कुठे करायचा हे मात्र आपल्यावर असते. आमचा आउटफिटर परवाना देण्याचे अधिकृत केंद्रही होता, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी नियमांची चित्रफीत पाहणे, प्रश्नांची उत्तरे देणे आणि परवाना हाती घेणे हे सारे एकाच ठिकाणी झाले.

त्यानंतरचा अर्धा तास हा माझ्या मते या संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा भाग होता. दुकानातल्या एका अनुभवी बाईंनी टेबलावर नकाशा पसरला आणि आमचा बेत विचारला. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की लेक वनपासून टू, थ्री, फोर आणि हडसन ही तळी पार करून इन्सुला या विस्तीर्ण तळ्यापर्यंत जायचे आणि चौथ्या दिवशी परत यायचे. हडसन आणि इन्सुला यांच्यामधल्या १०५ रॉडच्या पोर्टेजवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "या वाटेवरून तुम्ही किती वेळा चालणार आहात?" आम्ही म्हणालो, एकदा. रॉड हे तिकडचे पोर्टेजचे माप आहे. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी, आणि ३२० रॉडचा एक मैल होतो. त्यांनी आमचे सामान मोजून दाखवले: दोन कनू, चार मोठ्या पिशव्या आणि शिध्याचे दोन डबे, म्हणजे चार माणसांना दोन खेपा. दोन खेपा करायच्या तर तीच वाट तीनदा चालावी लागते, दोनदा ओझ्यासह आणि एकदा मोकळ्या हाताने. १०५ रॉडचे असे ३१५ रॉड होतात, मैलाला जेमतेम पाच रॉड कमी. कागदावर करंगळीच्या नखाएवढी दिसणारी ती रेघ पाहता पाहता मैलभर लांब झाली, आणि परत येताना तेवढेच चालणे पुन्हा होतेच.

त्यांनी बेत मोडीत काढला नाही. तो लेक थ्रीपाशी आखडता घेतला. पहिल्या दिवशी ३० आणि ४० रॉडचे दोन छोटे पोर्टेज, मग लेक थ्रीवर दोन रात्री एकाच जागी मुक्काम, मधल्या दिवशी रिकाम्या होडीने लेक फोरपर्यंत फेरी, आणि शेवटची रात्र लेक वनवर. नवख्यांनी तासाला दोन मैलांपेक्षा अधिक वेग गृहीत धरू नये आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामाची जागा पकडावी, असेही त्यांनी बजावले, कारण तंबू फक्त नेमून दिलेल्या जागीच ठोकता येतो, या जागा आधी राखून ठेवता येत नाहीत आणि भरलेली जागा पाहून पुढे सरकावे लागते. या जागा नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. लेक वनमधले फाटे आणि बेटे इतकी फसवी आहेत की तिथे प्रवेश केल्या केल्या लोक वाट चुकतात. म्हणून पहिल्या वळणापासून पोर्टेजपर्यंतच्या खुणा त्यांनी पेन्सिलने लिहून दिल्या. त्या खुणा असूनही आम्ही एकदा चुकीच्या खाडीत शिरलो, पण नकाशावरचे बेट आणि समोरचे बेट जुळत नाही हे दहा मिनिटांत लक्षात आले, ते त्या पेन्सिलीच्या रेघांमुळेच.

शिधा अस्वलांपासून राखण्याच्या बाबतीतही त्यांची जाण दिसली. तिथे काळी अस्वले आहेत आणि नियमानुसार अन्न एक तर जमिनीपासून किमान १२ फूट उंच व खोडापासून ६ फूट दूर टांगावे लागते किंवा प्रमाणित अस्वलरोधक डब्यात ठेवावे लागते. बरेच लोक निळा प्लास्टिकचा पिंप नेतात. तो हवाबंद असला तरी अस्वलरोधक म्हणून प्रमाणित नाही आणि त्यामुळे टांगावाच लागतो, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. शिवाय लेक थ्रीच्या परिसरात २०११ साली पगामी क्रीकचा वणवा फिरला होता. विजेमुळे लागलेल्या त्या आगीत ९२ हजार एकरांहून अधिक जंगल जळाले. आता तिथे कोवळ्या पाइन वृक्षांची दाटी आहे, पण चौघांचा शिधा पेलेल अशी उंच, आडवी फांदी सापडणे कठीण. म्हणूनच त्यांनी आम्हाला पिंपाऐवजी प्रमाणित डबे दिले. तिथे पोहोचल्यावर किनाऱ्यामागची डोक्याएवढी झाडे पाहिली आणि दोरी घेऊन फांदी शोधत फिरण्याची वेळ आपल्यावर आली नाही, याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली.

कनूंविषयी तक्रारीला जागाच नाही. आम्ही केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोन कनू घेतल्या. अशी सतरा फुटी कनू सुमारे १९ किलोची असते, तर ॲल्युमिनियमची ३० किलोंच्या वर जाते. भाडे अर्थातच केव्हलारचे जास्त पडते. हे जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. कनूच्या मधोमध आडवे जोखड असते, त्याला गाद्या लावलेल्या असतात. होडी उलटी करून ते जोखड खांद्यांवर घेतले की हात फक्त तोल सांभाळण्यापुरते लागतात. निघण्यापूर्वी अंगणात आम्हा चौघांकडूनही होडी उचलून घेतली गेली आणि एकेकाच्या खांद्यांप्रमाणे गाद्या सरकवून दिल्या. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. होडी आपल्याला पेलणार नाही असे मी धरून चालले होते, पण ४० रॉडचे पोर्टेज मी ती घेऊन एकटीने पार केले. केव्हलार दगडावर घासले की चिरते, म्हणून काठाला लागण्याआधीच गुडघाभर पाण्यात उतरून होडी तरंगती ठेवूनच सामान चढवावे व उतरवावे लागते. पाय दिवसभर ओले राहतात. यासाठी घट्ट बांधता येणारे, पाणी निथळणारे बूट हवेत. ते आउटफिटर देत नाही आणि यादीत त्याचा उल्लेख अगदी तळाशी होता.

आता उणिवा. दोन तंबूंपैकी एकाच्या पावसाळी आच्छादनाच्या शिवणीवरची पट्टी सुटलेली होती. पहिल्या रात्री अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि थोड्याच वेळात दीर-जावांच्या उशाशी थेंब पडू लागले. त्यांची एक स्लीपिंग बॅग कमरेपर्यंत भिजली. ऑगस्टअखेरीस तिथली रात्र चांगलीच गार असते, त्यामुळे उरलेली रात्र चौघांनी दोघांच्या तंबूत बसून काढली. परतल्यावर व्यवस्थापकांनी आच्छादन उलगडून पाहिले, चूक मान्य केली आणि त्या तंबूचे भाडे परत दिले. वागणूक सरळ होती, परंतु होडी तपासून देणाऱ्यांनी तंबूही ठोकून तपासायला हवा होता. भर जंगलात भिजलेल्या माणसाला परत मिळालेल्या भाड्याने ऊब येत नाही.

शिध्याचे तसेच. आम्ही पूर्ण शाकाहारी जेवण हवे असे दोनदा लेखी कळवले होते. न्याहारी आणि दुपारचे खाणे उत्तम होते, डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी असल्याने सारे नीट पिशव्यांत बांधलेले होते. पण रात्रीच्या जेवणातल्या दोन पाकिटांच्या घटकांत कोंबडीच्या अर्काची पूड निघाली. जाऊबाईंनी चुलीपाशी टॉर्चच्या उजेडात पाकीट वाचले म्हणून कळले. त्या दोन रात्री आम्ही नुसता भात, सुका मेवा आणि दुपारचे राखून ठेवलेले चीज यांवर भागवले. निघण्यापूर्वी प्रत्येक पाकीट स्वतः वाचून घ्यावे, असे शाकाहारी मंडळींना मी आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पावसानंतर, लेक थ्रीवर धुके असताना लून पक्ष्याने साद घातली आणि दुसऱ्या काठावरून तिला उत्तर आले. भिजलेले, जागरण झालेले आम्ही चौघे चहाचे पेले हातात धरून बराच वेळ गप्प उभे होतो. तिथे सलग दोन रात्री राहण्याचा सल्ला मिळाला नसता तर त्या वेळी आम्ही ओले सामान बांधत असतो.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचे ठरले आहे आणि याच आउटफिटरकडे जाऊ. कनू, वल्ही, लाइफ जॅकेट, अस्वलरोधक डबे आणि नकाशासमोरचा तो अर्धा तास त्यांच्याकडून घेऊ. तंबू, स्लीपिंग बॅगा आणि रात्रीच्या जेवणाची पाकिटे आमची असतील. इन्सुलाला जायचेच आहे, पण या वेळी सहा दिवस हाताशी ठेवून.