पोचपावती आली, कागद आले नाहीत

डोंबिवलीतला फ्लॅट आम्ही जुन्या मालकाकडून घेतला तेव्हा कर्ज काढलं नव्हतं. बाबांचे निवृत्तीचे पैसे आणि माझी शिल्लक यांत भागलं. कर्ज नाही म्हणजे मूळ कागद तपासणारी बँकही नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. नोंदणीच्या दिवशी मालक म्हणाले, पहिल्या खरेदीचा मूळ करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नाशिकच्या घरी राहिलंय, पोस्टाने पाठवतो. आम्ही दीड लाख राखून ठेवले. पाकीट पोचलं की द्यायचे, असं ठरलं.

चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो आला. मी त्यातला फक्त नंबर टिपून घेतला आणि रोज ट्रॅकिंग बघत राहिले. शुक्रवारी दुपारी ऑफिसात असताना ‘डिलिव्हर्ड’ दिसलं. पाठोपाठ आईचा फोन, "अगं, नाशिकचं पाकीट आलं. सही केली मी." दहा मिनिटांत मालकांचाही फोन. "ताई, पोचलं ना? तेवढे आजच पाठवता का, मुलाची फी भरायचीय." मी पाठवले.

रात्री घरी येऊन पाकीट फोडलं. आत आठ कोरे कागद होते, नीट तिघडी घातलेले. आई पुन्हापुन्हा पाकिटात हात घालून बघत होती.

मालकांना फोन केला तर शांतपणे म्हणाले, "मी सगळं घालून पाठवलंय. तुमच्या आईंची सही आहे माझ्याकडे." दोन दिवसांनी फोन लागेनासा झाला. चौकीत पहिला प्रश्न तोच, सही तुमच्याच घरातली ना? वकिलांनी सांगितलं, जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम २७ प्रमाणे नीट पत्ता घालून, पूर्ण पैसे भरून रजिस्टरने पाठवलेलं टपाल पोचलं असंच धरून चालतात. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तरी लोकांच्या मनात पोचपावतीचा तोच दबदबा आहे. पण पोचपावती बोलते ती पाकिटाबद्दल. आत काय होतं, हे पोस्टाला माहीत नसतं.

मग वकिलांनी पाकीट उलटं करून वरचं लेबल दाखवलं. वजन ४८ ग्रॅम. ए-फोरचा साधा कागद पाच ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. आठ कागद आणि पाकीट धरून एवढंच होतं. करारनामा साठ-पासष्ट पानांचा, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपास. ४८ ग्रॅमचा हाच आकडा पावतीच्या फोटोतही होता, चार दिवस माझ्या मोबाइलमध्ये. तो वाचला असता तर पैसे गेले नसते, याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून कळकळीने सांगते. मूळ कागद शक्यतो नोंदणीच्याच दिवशी हातात घ्या. पोस्टानेच यायचे असतील तर कोणता कागद किती पानांचा, याची सही केलेली यादी आधी मागवा आणि पावतीवरचं वजन त्याच्याशी ताडून बघा. पाकीट शेजाऱ्यांसमोर, लेबल दिसेल असं मोबाइलवर चित्रण करत फोडा. पैसे त्यानंतर, समोरचा कितीही घाई करो. आणि घरात सही करणारं जे माणूस असेल त्याला हे आधी सांगून ठेवा. आईने सही केली यात तिची काही चूक नव्हती, मीच तिला काही सांगितलं नव्हतं.

मूळ करारनामा एका पतपेढीत तारण आहे, हे नंतर कळलं. दुय्यम निबंधकांकडून त्याची प्रमाणित प्रत मिळाली आहे, शेअर सर्टिफिकेटच्या दुसऱ्या प्रतीसाठी सोसायटीकडे अर्ज दिलाय. तक्रारीचा तपास सुरू आहे. त्या लेबलावरची छपाई हळूहळू पुसट होते, म्हणून आधी त्याची झेरॉक्स काढली आणि पाकीट कोऱ्या कागदांसकट वकिलांकडे दिलं.