गणेशपेठचं चेतकवालं गॅरेज: बाबांची गाडी पुन्हा बोलायला लागली

जुनी बजाज चेतक घरी पडून असेल तर हे नक्की वाचा. अर्धं नागपूरच्या गणेशपेठेतल्या गॅरेजबद्दल आहे आणि अर्धं माझ्या बाबांबद्दल, दोन्ही वेगळं करून लिहायला बसलो होतो पण जमलंच नाही.

बाबा मागच्या जानेवारीत गेले, ८२ वर्षांचे होते. एम्प्रेस मिलमध्ये लूमवर होते, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली मिल, राणीच्या नावाची मिल म्हणून बाबा जिथे तिथे छाती काढून सांगायचे आणि २००२ मध्ये ती बंद पडली तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे कानाला कमी यायचं आणि म्हणून स्वतः खूप मोठ्याने बोलायचे, गल्लीच्या टोकावरून भाजीवाल्याशी भाव ठरवत यायचे, आईला घरबसल्या कळायचं आज काय शिजवायचंय. पण इंजिनातलं बारीकसारीक त्यांना बरोबर कळायचं. पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "अबे, पयले गाडीले कान दे, मंग पाना लाव," हे मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय.

गाडी १९८५ ची. तेव्हा चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आमचा नंबर सहा वर्षांनी लागला, आणि आली त्या दिवशी बाबांनी मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला एकेक चक्कर मारून आणली, पोरं संपली तर म्हाताऱ्यांना. ३१ ऑक्टोबर १९८७ ला ह्याच गाडीवर मला सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर वर्ल्ड कपची मॅच बघायला नेलं होतं, भारत-न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठ तिघांच्या दांड्या उडवल्या तेव्हा बाबांनी डोक्यावरची टोपी जी वर फेकली ती परत मिळालीच नाही, नंतर गावसकरांचं शतक झालं आणि आपण ३२.१ ओव्हरमध्ये जिंकलो, आणि घरी येताना पेट्रोल संपलं. गाडी रिझर्व्हलाच होती. बाबांनी ती आडवी करून दोनदा हलवली, तळाला राहिलेलं कार्बोरेटरपर्यंत आणलं आणि किक मारली, तेवढ्यावर आम्ही पंप गाठला. मी दहा वर्षांचा होतो, मला त्या दिवशी गावसकरांपेक्षा बाबाच मोठे वाटले.

माझी मुलगी चालायला लागली तशी तीही पुढे उभी राहायला लागली, दोन्ही हात हँडलच्या मध्ये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला आजोबा-नात गाडीवरच महालात जायचे, गर्दीच्या अलीकडे गाडी लावायची आणि मग खांद्यावर. सगळे "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडायचे आणि आमचे बाबा त्या सगळ्यांच्या वरून "माह्या पोट्टीचा खोकला घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे लोकही मग तेच ओरडायचे, मुलीला वाटायचं अख्खं नागपूर तिच्या खोकल्यासाठीच जमलंय.

शेवटची दोन वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी होती. बाबा रोज सकाळी खुर्चीवरून बघायचे तिच्याकडे. गेल्यानंतर वर्षभर मी हात लावला नाही, मग एका गॅरेजमध्ये दिली (नाव घेत नाही). त्यांनी अडीच महिने ठेवली, कार्बोरेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसवून दिला, वरून म्हणाले भंगारात द्या साहेब, तीन-चार हजार येतील. भंगार हा शब्द ऐकून मी रस्त्यावर उभा राहून रडलो, खरं सांगतो.

तेव्हा ऑफिसातल्या एकाने गणेशपेठेतल्या ह्या उस्तादांकडे पाठवलं. कॉटन मार्केटकडून आत शिरलं की उजव्या हाताला, बाहेर तीन-चार चेतक आणि एखादी लॅम्ब्रेटा उभी असतेच त्यावरून ओळखा. उस्ताद साठीचे असतील. गाडी टेम्पोतून उतरवली तर त्यांनी पान्याला हातही लावला नाही, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि विचारलं, "भाऊ, पयले सांगा, चालवत कोण होते?" मी बोलत गेलो, ते मध्येमध्ये उठून गाडीभोवती फिरत होते आणि बघून बघून मलाच सांगत होते, तुमचे वडील क्लच पूर्ण दाबत होते, लिव्हर बघा कशी झिजली एका बोटाकडे, मागचा ब्रेक कमी लावत होते, गाडी गिअरवर थांबवत होते. सगळं बरोबर. बाबांना कधी न बघितलेला माणूस बाबा कसे गाडी चालवायचे ते मला दाखवत होता.

काम काय काय झालं ते सांगतो. टाकीत गंज होता तो पूर्ण साफ केला, जुना कार्बोरेटर आमच्याच माळ्यावर पिशवीत सापडला तो धुवून परत बसवला, पॉइंट आणि कंडेन्सर नवीन, क्लच प्लेट, सगळ्या वायरी, तीन टायर-ट्यूब स्टेपनी धरून. एकूण १३,२०० रुपये आणि १९ दिवस, सांगितले होते १५. पार्ट मिळायला वेळ लागतो, पण दर दोन-तीन दिवसांनी स्वतः फोन करून कुठवर आलं ते सांगायचे. बदललेले जुने पार्ट सगळे पिशवीत घालून परत दिले. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, त्याचीही आठवण त्यांनीच करून दिली. पार्किंग बिलकुल नाही आणि संध्याकाळी सहानंतर गेलात तर उभं राहायलाही जागा नसते, सकाळी जा.

पण मी हे लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. डिक्कीच्या झाकणाला आतून बाबांनी ऑइल पेंटने '२०' लिहिलं होतं, म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये वीस मिली ऑइल मिसळायचं, पेट्रोल पंपावरच्या पोरांना दाखवायला, कारण ऐकू येत नसल्यामुळे तिथे नेहमी वाद व्हायचा. कलर करताना उस्तादांनी त्या आकड्यावर पट्टी चिकटवली आणि भोवतीने स्प्रे मारला. पुढे पायदानावर जिथे आधी मी आणि मग माझी मुलगी उभी राहायचो तिथलं रबर पार गुळगुळीत झालंय, तेही बदललं नाही. मी विचारलं नवीन का नाही टाकलं, तर म्हणाले, "मॅट नवीन भेटते भाऊ, पन हे घासाले तुमाले चाळीस वर्षं लागले."

गाडी घ्यायला मुलीला घेऊन गेलो. ती आता नऊ वर्षांची आहे, पुढे उभी राहिली तर हँडलच्या वर येते. उस्तादांनी स्वतः चालू करून नाही दाखवली, मला म्हणाले तुम्ही मारा किक. चोक ओढला, पहिली किक, दुसरी, मी गाडी जरा आडवी करून सरळ केली आणि तिसऱ्या किकला लागली. तोच आवाज, तोच ऑइलचा वास, धूर थेट दुकानात. मला काही बोलता येईना. मुलगी खाली उतरली, शेजारच्या ट्रेमधून पेचकस उचलला, टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानामागे धरून डोळे मिटले. बराच वेळ तशीच उभी होती. मग उस्तादांना म्हणाली, "काका, आयडलिंग थोडं जास्त आहे."

उस्ताद खाली बसले, स्वतः ऐकलं आणि स्क्रू पाव आटा मागे फिरवला.