ब्लिट्झ करावा की चौघांवर भागवावं?

अमेरिकन फुटबॉलचा सामना. थर्ड डाउन (चारातला तिसरा प्रयत्न), आठ यार्ड बाकी, समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, शांत डोक्याचा. आता पाचवा-सहावा गडी त्याच्या अंगावर सोडायचा (हाच ब्लिट्झ), की लाइनमधल्या चौघांनाच झुंजू द्यायचं आणि उरलेले सात मागे राखायचे? टीव्हीसमोर बसून उत्तर देणं सोपं असतं. मुलांच्या संघाचा बचाव गळ्यात पडला की मात्र मोसम सुरू होण्याआधीच कुठल्या तरी एका बाजूला कलावं लागतं, कारण सरावाचे तास मोजके आणि दोन्ही नीट शिकवायला ते पुरत नाहीत. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा बचाव मी काही मोसम सांभाळतोय आणि दोन्ही प्रकार चालवून पाहिलेत. मॅन (माणसाला माणूस) आणि झोन (ज्याचा त्याचा टापू) यांतला फरक, कव्हर टू (दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोल) म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी ब्लिट्झ, कारण त्याची बाजू खरंच जोरकस आहे. ११ फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, आठवा. १६-१६ बरोबरी, जेमतेम दोन मिनिटं उरलेली, सॅन फ्रान्सिस्कोला थर्ड डाउनवर पाच यार्ड हवे होते. ते मिळाले असते तर घड्याळ त्यांच्या हातात होतं. कॅन्सस सिटी चीफ्सच्या बचावाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्न्युओलो यांनी नेमकं कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरवर लक्ष ठेवणारा) ट्रेंट मॅक्डफीला सोडलं. त्याला कुणी अडवलंच नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक पर्डीचा पास त्याने हातानेच उडवला. सॅन फ्रान्सिस्कोला फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं, चीफ्सनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये २५-२२ ने जिंकले. पुढच्या जानेवारीत बफेलोविरुद्ध फोर्थ डाउनवर पुन्हा तेच. मॅक्डफी कडेने सुटला, बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनला मागे मागे जात चेंडू भिरकावावा लागला, चीफ्स ३२-२९ ने जिंकले. असे दोन डाव पाहिले की कुणालाही वाटेल, आपणही सोडावा की एखादा!

आणि मुलांच्या पातळीवर तर ब्लिट्झ जास्तच चालतो. मोसमाच्या पहिल्या काही आठवड्यांत समोरच्या लाइनला कुणी कुणाला अडवायचं हेच पक्कं झालेलं नसतं. मधून एक लाइनबॅकर (लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू) सुटला की क्वार्टरबॅक खाली बसतो किंवा चेंडू कुठेही फेकतो. पोरांना मजा येते, कडेला उभे असलेले आईबाप खूश होतात. उलट ज्याला ‘तू मागे जा, सात यार्डांवर थांब’ असं सांगावं, त्याचं तोंड दिवसभर वाकडं.

ब्लिट्झची किंमतही सगळ्यांना माहीत आहे: पुढे जास्त माणसं म्हणजे मागे कमी. चार स्लिप लावल्यावर कव्हर मोकळं राहणार, तसं. ६ डिसेंबर २०२० ला जेट्सनी ही किंमत पुरेपूर मोजली. मोसमात एकही विजय नाही, रेडर्सविरुद्ध आघाडी, १३ सेकंद उरलेले आणि रेडर्स ४६ यार्ड दूर. जेट्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे प्रशिक्षक) ग्रेग विल्यम्स यांनी मागे एकही सेफ्टी न ठेवता बहुतेकांना अंगावर सोडलं. रेडर्सच्या डेरेक कारने हेन्री रग्जला ४६ यार्डांचा टचडाउन दिला, रेडर्स ३१-२८ ने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरी गेली. पण हे टोकाचं उदाहरण. असे धोके मोजूनमापून पत्करता येतात, आणि माझं मन त्यामुळे फिरलं नाही.

फिरलं ते एका फार क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे. ब्लिट्झ ठरवून झालेला असतो, सगळे आपापल्या जागी असतात आणि स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात यायच्या, दोन सेकंद आधी समोरचा एक रिसीव्हर (पास झेलणारा) डावीकडून उजवीकडे चालायला लागतो. संपलं. आता जो लाइनबॅकर सुटणार होता त्याने थांबायचं की नाही? तो सुटला तर त्याच्या वाट्याचा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही घेणारा) कोण घेणार? सेफ्टीने खाली यायचं की मागेच राहायचं? मॅन असेल तर कॉर्नरने पलीकडे धावायचं की जोडीदाराला हाक मारून माणूस सोपवायचा? चौघांच्या साध्या झोनमध्ये अशा वेळी फार तर दोघांनी दोन पावलं सरकायची असतात. ब्लिट्झमध्ये पाच-सहा जणांना एकाच क्षणी एकच गोष्ट कळावी लागते. आमच्याकडे ती चौघांना कळते. पाचव्याने ऐकलेलं नसतं, आणि चेंडू नेमका त्याच्याच बाजूला जातो. खुणेचे शब्द केले, हातवारे केले. ब्लिट्झ रद्द करायला मी ‘मागे’ हा शब्द दिला. समोरच्यांना तो कळत नाही हा फायदा, आणि आमची अमेरिकन पोरं तो अशा ठसक्यात ओरडतात की माझी आई ऐकून खूश होईल. तरी दर सामन्यात निदान एकदा कुणीतरी एकटा पुढे सुटलेलाच असतो. इतर पालकांच्या नजरेत चूक मात्र कॉर्नरची, कारण टचडाउनच्या वेळी त्याची पाठ दिसते. हे मला खुपायचं.

एनएफएलमध्ये २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. त्यावरून प्रशिक्षक डाव सांगतात, पण तोही प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतरचा सगळा बदल तिथेही तोंडाने आणि हातानेच पोचवावा लागतो. पगारी माणसांचं हे, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी भेटणाऱ्या पोरांचं काय सांगावं.

बदल न करण्याचा हट्ट कुठे नेतो याचं जुनं उदाहरण १९८५ च्या शिकागो बेअर्सचं. बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांचा, पुढे जास्त माणसं आणून दबाव टाकणारा ४६ डिफेन्स, बारा सामने बारा विजय, समोरच्या क्वार्टरबॅकची दयाच यावी. २ डिसेंबरला मायामीत तिथले प्रशिक्षक डॉन शूला यांनी तीन रिसीव्हर उतरवले आणि नॅट मूरला आतल्या बाजूला उभं केलं. त्याच्यामागे लाइनबॅकरला पळावं लागलं. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो इतक्या झटक्यात फेकायचा की आलेला दबाव पोचेपर्यंत चेंडू गेलेला. लाइनबॅकर काढून जादा डिफेन्सिव्ह बॅक आणायला रायन तयार नव्हते आणि मध्यंतरात त्यांचं नि मुख्य प्रशिक्षक माइक डिटकांचं चांगलंच वाजलं. मायामी ३८, शिकागो २४. त्या मोसमातला बेअर्सचा एकमेव पराभव. पुढे सुपर बोल त्यांनी ४६-१० ने जिंकला, तेव्हा डावपेचच वाईट होता असं म्हणता येत नाही. त्या रात्री तो मोडायला कुणी तयार नव्हतं, इतकंच.

आता चौघांची बाजू. तिची सगळ्यात मोठी जाहिरात ९ फेब्रुवारी २०२५ ला झाली. फिलाडेल्फियाच्या बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांनी चीफ्सविरुद्ध अख्ख्या सुपर बोलमध्ये एकही ब्लिट्झ केला नाही. चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स तरीही सहा वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), मध्यंतराला फिलाडेल्फिया २४-० आणि शेवटी ४०-२२. पण मला त्याहून आवडतो तो चार वर्षं आधीचा टॅम्पा बेचा सुपर बोल. त्यांच्या बचावाचे प्रशिक्षक टॉड बोल्स हे ब्लिट्झप्रेमी गृहस्थ. नोव्हेंबर २०२० मध्ये चीफ्सनी त्यांच्याविरुद्ध २७-२४ विजय मिळवला तेव्हा त्यांचा रिसीव्हर टायरीक हिल याने एकट्याने २६९ यार्ड घेतले, त्यातले २०३ पहिल्याच क्वार्टरमध्ये. फेब्रुवारीत तोच संघ पुन्हा समोर आला. बोल्सनी आपली आवड बाजूला ठेवली, दोन सेफ्टी खोल उभे केले, दबावाचं काम बहुतेक वेळ चौघांवरच सोपवलं. चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही, ३१-९. चीफ्सचे दोन्ही मुख्य टॅकल (क्वार्टरबॅकला कडेने राखणारे) जखमी होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

इथेच या बाजूची अट येते: चौघं दमदार हवेत. ते नसतील तर क्वार्टरबॅक मागे आरामात उभा राहतो, सहा-सहा यार्ड घेत अख्खं मैदान चालून येतो आणि कडेवरून ‘अरे, सोडा कुणाला तरी!’ अशा आरोळ्या ऐकाव्या लागतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये पोरं दमतात, म्हणून मी सहा-सात जणांना आळीपाळीने लाइनवर खेळवतो. तरी मला वाटतं, हळूहळू मार खाणं परवडतं. तेवढ्यात समोरचा काय करतोय ते दिसतं, समोरच्यांच्या पुढच्या सीरिजला (चढाईला) सेफ्टी दोन यार्ड सरकवता येतो. ब्लिट्झ फसला की पाहायला काही शिल्लकच राहत नाही, समोरच्यांचा टचडाउन आणि थेट किकऑफ.

मधला एक मार्ग आहे आणि तो स्वस्त आहे. सहा जण लाइनवर उभे करायचे, स्नॅप झाला की दोघांनी मागे जायचं. मिनेसोटात बचावाचे प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस हेच फार मोठ्या कौशल्याने करतात. कोण येणार आणि कोण मागे जाणार हे स्नॅपपर्यंत कळतच नाही. आमच्याकडे कौशल्य वगैरे काही नाही, नुसतं उभं राहणं. तरी समोरचे घाबरून रनिंग बॅकला अडवायला मागे ठेवतात, म्हणजे पास घ्यायला एक माणूस आपोआप कमी. डिक लेबो यांच्या झोन ब्लिट्झपर्यंत (ब्लिट्झ करतानाच एखाद्या लाइनमनला मागे कव्हरला पाठवणं) जाण्याचा मोह मात्र टाळा. लाइनमनला पास कव्हर करायला शिकवणं मुलांच्या पातळीवर अवघड जातं.

भारतात किंवा इथे पाच-पाच जणांचा फ्लॅग फुटबॉल (अंगावर न पाडता कमरेचा फडका ओढायचा) खेळत असाल तर गणित वेगळं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी याच प्रकाराला मान्यता मिळाली. तिथे रशरला (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला) ७ यार्ड मागून धावत यावं लागतं आणि सेंटरही (चेंडू मागे देणारा) पास घेऊ शकतो. एक सोडला तर चारास चार उरतात, दुसरा सोडला की एक जण मोकळा. तिथे एक जण कायम सोडावा, दुसऱ्याचा विचार क्वचितच करावा, असं माझं मत.

ज्याच्या पुढच्या फळीत दम नाही, किंवा समोर अगदी नवखा क्वार्टरबॅक आहे, त्याला ब्लिट्झ नको असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे एक मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना हलवणारा लाइनबॅकर आहे, त्यालाही नाही. असा मुलगा एखाद्या वर्षीच मिळतो. बाकीच्यांनी सरावाचे पहिले काही आठवडे चौघं आणि झोन यांवरच घालवावेत, मग दोनच ब्लिट्झ शिकवावेत, आणि समोर कुणी चालायला लागला की दोन्ही आपोआप रद्द, असा नियमच करून टाकावा. मी अजूनही एका जागी बिनधास्त ब्लिट्झ करतो: गोल लाइनपासून दहा यार्डांच्या आत. तिथे मागे जागाच उरलेली नसते, त्यामुळे कॉर्नर एकटा असला तरी फार एकटा नसतो.