वेड्रॉइड: तानपुरा लॅपटॉपवर आला, बँक फोनवरच राहिली

मी मिरजेत गाणं शिकवते. ज्या गावात तानपुरे घडतात तिथे बसून ॲपवर तानपुरा लावते म्हटलं की माणसं हसतात. हसू देत. संध्याकाळच्या वर्गात लहान मुली असतात, प्रत्येकीची पट्टी वेगळी, आणि दर वेळी खुंट्या पिळत बसायला वेळ नसतो. अडचण फोनची होती. ऐन यमनच्या आलापात कुणाच्या तरी आईचा फोन यायचा आणि तानपुरा गप्प.

लॅपटॉप जुना, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या यादीत हा प्रोसेसर नाही, म्हणून भाच्याने उबंटू 24.04 (लिनक्सचा एक प्रकार) बसवून दिलं. मग माझा पहिलाच प्रश्न: यावर माझं तानपुऱ्याचं ॲप चालेल का? त्याने लिनक्सवर अँड्रॉइड ॲप्स चालवणाऱ्या वेड्रॉइडचं नाव सांगितलं आणि तो पुण्याला परत गेला. पुढचं सगळं मी केलं, त्यामुळे हे लिखाण माझ्यासारख्या नवख्यांसाठी आहे.

वेड्रॉइड फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे. यात नकली फोन उभा केला जात नाही. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, असतो, म्हणून वेड्रॉइड लिनिएजओएस नावाचं अँड्रॉइड एका कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, ठेवतं आणि कर्नल तुमच्याच मशीनचा वापरतं. वाड्यात बिऱ्हाड ठेवावं तसं: खोल्या वेगळ्या, विहीर एकच. जुन्या मशीनवरही ते सुसह्य चालतं ते यामुळे.

बसवायच्या आधी दोन गोष्टी बघा, नाहीतर उगाच डोकं पिकेल. एक, तुमचं सेशन वेलँडचं (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी पद्धत) आहे का? उबंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली, सिस्टिम डिटेल्समध्ये ‘विंडोइंग सिस्टिम’ असं लिहिलेलं असतं. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर सहसा एक्स 11 ही जुनी पद्धत असते, तिथे थेट चालत नाही. दोन, ग्राफिक्स कार्ड. इंटेल आणि एएमडीवर त्रास नाही. एनव्हिडियाच्या कंपनीच्या ड्रायव्हरवर ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र रखडतं. रॅम चार जीबी असेल तर मी या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

बसवणं म्हणजे वेड्रॉइडच्या दस्तऐवजातल्या तीन-चार ओळी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवणं. मग पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं: व्हॅनिला की गॅप्स? व्हॅनिलात गूगलचं काही नाही. प्ले स्टोअर हवं असेल तर गॅप्स घ्या. उतरवायच्या फाइली मोठ्या आहेत, मोबाइल डेटावर करू नका.

गॅप्स घेतलं की लगेच सूचना येते की हे उपकरण गूगलच्या प्ले प्रोटेक्टने प्रमाणित नाही. घाबरायचं कारण नाही. दस्तऐवजात दिलेल्या आज्ञेने एक लांबलचक आकडा मिळतो. तो गूगलच्या अप्रमाणित उपकरणांच्या नोंदणीच्या पानावर भरायचा, थोडं थांबायचं आणि वेड्रॉइड पुन्हा सुरू करायचं. इथे घाई करणाऱ्याला लॉगिन मिळत नाही. आत इंटरनेटच येत नसेल तर आधी फायरवॉल तपासा. उबंटूचा यूएफडब्ल्यू चालू असेल तर पोर्ट 53 आणि 67 मोकळे करावे लागतात आणि फॉरवर्डिंगला परवानगी द्यावी लागते.

एवढं झाल्यावर तानपुरा वाजला, आणि फार छान वाजला. लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या स्पीकरमधून खर्जाची तार फोनपेक्षा कितीतरी भरीव येते. ॲपचं चिन्ह उबंटूच्या मेनूत आपोआप आलं, फायरफॉक्सच्या शेजारी. सुरुवातीला अँड्रॉइड पूर्ण पडदा व्यापतं. ‘मल्टी विंडोज’ हे सेटिंग चालू करून सेशन पुन्हा सुरू केलं की प्रत्येक ॲपला स्वतंत्र खिडकी मिळते. आता डावीकडे बंदिशीची पीडीएफ, उजवीकडे तानपुरा. काळी चारवरून पांढरी पाचवर जायचं तर माउसने एक क्लिक. मारवा शिकवताना पंचमाची तार निषादावर घेणंही तितकंच सोपं. काही ॲप्स माउसला बोट मानायला तयार नसतात, त्यांच्यासाठी ‘फेक टच’ असं सेटिंग आहे.

आता कटकटी. मुलींचं गाणं मी आतल्याच एका ॲपने रेकॉर्ड करते. त्या फाइली लॅपटॉपच्या बाजूने काढायला गेले तर ‘परवानगी नाही’. फाइली डिस्कवर असतात, पण मालकी अँड्रॉइडची. बाहेरचं एखादं फोल्डर आत जोडून घ्यायची युक्ती आहे, पण ती टर्मिनलमधून, सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). इतक्या रोजच्या गोष्टीला एक बटण असायला हवं होतं. दुसरं, साध्या लॅपटॉपवरचं वेड्रॉइड इंटेल-एएमडीच्या जातीचं असतं आणि काही ॲप्स फक्त फोनच्या एआरएम चिपसाठी बांधलेली असतात. एका कराओके ॲपने मला दारातूनच परत पाठवलं. एआरएमच्या सूचनांचं भाषांतर करणारा थर वेगळ्या स्क्रिप्टने टाकता येतो. मी नाही टाकला. गेम खेळणाऱ्यांना तो बहुधा टाकावा लागेल.

आणि बँक. वेड्रॉइडवर यूपीआय चालवायचा विचार सोडून द्या. यूपीआय ॲप सिममधून एसएमएस पाठवून नंबर जोडतं आणि इथे सिमच नाही. शिवाय बँकांची ॲप्स हे खरं, प्रमाणित उपकरण आहे का ते तपासतात. उलटसुलट उपाय सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पैशाच्या ॲपशी असले खेळ मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

फोनवरचंच ॲप मोठ्या पडद्यावर बघायचं असेल तर ‘scrcpy’ (स्क्रीन कॉपी) हा प्रोग्राम बघा. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची, फोनचा पडदा लॅपटॉपवर येतो आणि कीबोर्डही चालतो. 2.0 आवृत्तीपासून आवाजही येतो, फोन अँड्रॉइड 11 किंवा पुढचा असेल तर. बँकेचं ॲप मात्र तिथेही बहुधा काळा चौकोन दाखवतं, कारण तो पडदा दुसरीकडे दाखवू नये असं ॲपनेच सांगितलेलं असतं. आणि माझ्या कामाला हे निरुपयोगीच, कारण तानपुरा पुन्हा फोनवर गेला की आईंचे फोन आलेच.

तानपुऱ्यासाठी वेड्रॉइडला पाचपैकी चार. एक गुण त्या फाइलींच्या परवानगीचा कापला. वर्ग संपला की मी टर्मिनलमध्ये ‘वेड्रॉइड सेशन स्टॉप’ देते, अर्थात रोमन लिपीत. नुसती खिडकी बंद केली तर अँड्रॉइड मागे मेमरी धरून बसतं, आणि आठ जीबीत फायरफॉक्सला ते जाणवतं.