आत्मकथन की वैचारिक?

दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या पेपरात शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन (एखादी वस्तू स्वतःच बोलते तो निबंध) आणि वैचारिक निबंध यांपैकी एकच लिहायचं असतं, 8 गुणांसाठी. प्रसंगलेखन तूर्त बाजूला ठेवू. खरी ओढाताण उरलेल्या दोघांत.

आत्मकथन सोपं वाटतं, म्हणून पोरं त्यावर तुटून पडतात. मग नदी असो की फाटकं पुस्तक, सगळे एकाच सुरात रडतात: 'मला कोणी विचारत नाही!' तपासणाऱ्याने हे रडगाणं गठ्ठाभर वाचलेलं असतं. रंग भरतो तो तपशिलाने. एसटी बोलत असेल तर 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली, हे तिला ठाऊक हवं. कंडक्टरने दोनदा दोरी ओढली की घंटी कशी वाजते, खड्ड्यात काचा कशा खुळखुळतात, मागच्या बाकावरचे कसे उडतात, हे आलं की गाडी चालू लागते.

वैचारिकमध्ये 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' अशी घासून गुळगुळीत झालेली सुरुवात, मग अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान. स्वतःचं मत कुठेच नाही. इथे एक ठोस उदाहरण लागतं. वाचनावर लिहिताना 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालेलं पाचगणीजवळचं भिलार आठवलं, तर दोन परिच्छेद सहज निघतात.

मुद्दे तयार असतील तर वैचारिक बिनधास्त घ्यावं, कारण ते मांडून वेळेत संपतं. ऐनवेळी काहीच सुचत नसेल तर आत्मकथन बरं. पण रडणारी नदी नको.