डक्टवाला एसी: मशीनवाल्यांकडून डक्ट साफ करून घ्यायचा की आपल्या मिस्त्रीकडून नीट सर्व्हिसिंग?

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडे नवीन बंगल्यांत आता हॉल आणि बेडरूमला मिळून एकच डक्टेबल मशीन बसवतात, मशीन आणि हवा खोल्यांत नेणारा-आणणारा पत्र्याचा बंदिस्त मार्ग, म्हणजे डक्ट, सगळं फॉल्स सीलिंगच्या वर लपलेलं, खाली फक्त हवेच्या जाळ्या, म्हणजे ग्रिल दिसतात. दोन-चार उन्हाळे गेले की ग्रिलच्या कडेनं पांढऱ्या पीओपीवर काळा पट्टा उमटतो, घरात कुणीतरी सकाळी उठल्या उठल्या शिंकायला लागतं आणि मग विषय निघतो, डक्ट साफ करून घ्यायचा का? ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून लिहितोय, आमच्याकडे दोन्ही प्रकार करून झालेत.

एक प्रकार म्हणजे पुण्याहून किंवा हैदराबादहून येणारी मशीनवाली टीम. फिरता ब्रश, मोठा व्हॅक्यूम, आत सोडायचा कॅमेरा, आधीचे-नंतरचे फोटो. दुसरा म्हणजे आपला नेहमीचा एसी मिस्त्री, जेट पंप घेऊन येतो, फिल्टर, कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या), ब्लोअर (हवा ढकलणारा आतला पंखा), ड्रेन ट्रे धुतो, ग्रिल काढून हात जाईल तिथपर्यंत डक्ट पुसतो. पैशांत फरक मोठा आहे, टीमवाले ग्रिल मोजून आणि वर येण्याजाण्याचा खर्च धरून भाव सांगतात, मिस्त्रीचं काम त्याच्या लहानशा हिश्श्यात होतं. पण पैसा बाजूला ठेवून बोलू.

टीमचं काम चांगलं असतं, हे आधीच सांगतो. आमचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला, आसपास लूम चालतात, टॉवेलच्या कारखान्यातली तूस हवेत असतेच, ती रस्त्याच्या धुळीत मिसळते आणि रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडं परत नेणाऱ्या ग्रिलमधून आत ओढली जाते. त्या मुलांनी रिटर्न डक्टमधून जे बाहेर काढलं ते जुन्या गोधडीतल्या कापसासारखं होतं, राखाडी, दाबून बसलेलं, हातात घेतलं तर अख्खा थर उचलला जात होता. ते मिस्त्रीच्या फडक्यानं कधीच निघालं नसतं. एका टोकाला व्हॅक्यूम लावून पूर्ण डक्टमधली हवा बाहेर ओढत ठेवतात आणि तसं असतानाच ब्रश फिरवतात, म्हणून धूळ घरात उडत नाही. आईनं सोफ्यावर चादरी टाकून ठेवल्या होत्या, त्या नंतर झटकायचीसुद्धा गरज पडली नाही.

पण त्याच दिवशी सप्लायच्या, म्हणजे गार हवा खोलीत सोडणाऱ्या बाजूचे फोटो बघितले तर तिथं पातळ धूळ होती, बस. त्याला कारण आहे, हवा आधी फिल्टरमधून जाते, मग ओल्या कॉइलवरून, मग सप्लाय डक्टमध्ये, त्यामुळे जास्तीत जास्त घाण रिटर्न, फिल्टर, कॉइल आणि ब्लोअरच्या पात्यांवर अडकते. अमेरिकेत डक्ट बऱ्याच घरांत असतात, तिथल्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं म्हणणंही असंच आहे की डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, दरवर्षी नियमानं करायची गरज नाही, आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा धूळ इतकी साचली असेल की ग्रिलमधून खोलीत पडते, तर करून घ्या. तिथल्या डक्ट साफ करणाऱ्यांची १९८९ पासूनची संघटना आहे, नाडका, ते लोक डक्टच्या बाजूचे, तरी त्यांचंही सांगणं आहे की नुसता डक्ट नाही तर कॉइल, ब्लोअर, ट्रे सगळं साफ झालं पाहिजे. आमच्याकडे आलेल्या टीमच्या भावात कॉइल धरलेलीच नव्हती, ती वेगळी सांगितली.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत बनलं ती सांगतो. ब्रश आत घालायला डक्टच्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात, वळणाजवळ साधारण वीतभर. काम झालं की ती बंद करायची. आमच्याकडे ती नुसती अॅल्युमिनियमची टेप मारून बंद केली. पावसाळ्यात केलेलं काम, थंडीत एसी बंद, काही कळलं नाही. एप्रिल आला, पारा चाळिशीच्या वर गेला, स्लॅबच्या खाली फॉल्स सीलिंगच्या पोकळीत काय तापतं हे आपल्याला माहितीये, टेपचा गोंद सुटला. आधी रात्री बेडरूममध्ये सूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, वाटलं फॅनचा आहे, फॅन बंद करून बघितलं तरी आवाज चालूच. मग टीव्हीच्या रॅकवर पांढरी पूड दिसायला लागली, सकाळी पुसलं की संध्याकाळी परत बोटाला लागायची. ती पूड पीओपीची. रिटर्नच्या बाजूचं भोक उघडं पडलं की ब्लोअर खोलीतली हवा सोडून पोकळीतली हवा ओढतो, तिथं बांधकामापासूनची सगळी माती पडलेली असते, ती आत येते, वर गरम हवा ओढल्यामुळे गारवाही कमी होतो. म्हणजे धूळ काढायला पैसे दिले आणि धूळ यायला नवीन वाट तयार झाली. टीमला फोन केला तर परत यायचा खर्च वेगळा म्हणाले. भर उन्हाळ्यात, घरात वयस्कर माणसं असताना ते ऐकून घेणं फार त्रासाचं होतं.

शेवटी आमचे मिस्त्रीमामा ट्रॅप डोअरमधून वर चढले, घामानं निथळत खाली आले आणि म्हणाले, "मालक, पट्टीवर भरवसा ठेवू नका, वर हात ठेववत नाही इतका पत्रा तापलाय." मग प्रत्येक भोकाला जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा तुकडा कापून, खाली रबर लावून, स्क्रूनं आवळला, कडेनं सीलंट फिरवलं. आवाज गेला, पूड गेली.

मिस्त्रीच्या कामातही उणीवा आहेत की. वळणाच्या पुढं त्यांचा हात जात नाही, सीझनला फोन उचलत नाहीत, आणि काही जण नुसतं हातातल्या मशीननं हवा मारून धूळ आतल्या आत ढकलतात, तसं कुणी करत असेल तर थांबवा. पाणीही भरपूर लागतं, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी यायच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी बोलवा, बोअरच्या पाण्यानं कॉइल धुतली तर क्षाराचे पांढरे डाग राहतात. पण कॉइल आणि ब्लोअर धुतल्यावर जो फरक पडतो तो मला डक्ट साफ केल्यावर पडलेल्या फरकापेक्षा जास्त वाटला, हवेचा जोर वाढतो, तो आंबूस वास जातो, बायकोच्या शिंकाही त्यानंतरच कमी झाल्या. मोजमाप काही केलेलं नाही, घरात राहून जे जाणवलं ते सांगतोय, तुमच्याकडं वेगळंही असू शकेल.

तेव्हा घरात नुकतं फरशी-प्लास्टरचं काम झालं असेल, डक्टमध्ये उंदीर मेला असेल किंवा आमच्यासारखी लूमची तूस साचली असेल तर टीम एकदा बोलवायला हरकत नाही. मात्र भोकं कशानं बंद करणार ते आधी विचारा, पत्रा आणि स्क्रू म्हणाले तरच पुढं बोला, आणि त्यांनी बंद केलेलं प्रत्येक ठिकाण स्वतः वर डोकावून बघा. कॉइल भावात आहे का तेही विचारा. शेवटी सुगंधी औषधाचा धूर सोडायचा आग्रह झाला तर मी नको म्हणेन, साफ झालेल्या पत्र्याला त्याची गरज नसते. डक्टला आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं अस्तर) असेल आणि ते भिजून बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं, त्यावर ब्रश फिरवायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

यातलं काहीच नसेल तर मी मिस्त्रीच बोलवेन, एकदा होळीच्या आधी आणि एकदा पावसाळा संपल्यावर, मधे फिल्टर आपण स्वतः धुवायचा, लूमच्या भागात राहत असाल तर जरा लवकर लवकर. आणि मिस्त्री आलेत तर त्यांना रिटर्नचं तोंड आणि मशीन-डक्टच्या मधला कॅनव्हासचा जोडही तपासायला सांगा, तो कापडी जोड वरच्या उष्णतेनं कडक होऊन फाटतो आणि तिथूनही वरची धूळ आत येते.